फुंकणी

विट्यात समुद्र आणला तो ह्यांनी,
कोचीच्या गलाई दुकानातून, थर्माकोलच्या पेटीत,
मिरजेपर्यंत रेल्वेनं, पुढं एसटीत मांडीवर घेऊन.
कंडक्टरनं विचारलं, आंबे का?
हे म्हणाले, मासे. बांगाई कार्डिनल. जोडी आहे.
त्यानं जोडीचं तिकीट मागितलं म्हणे.
खरं-खोटं ह्यांनाच माहीत.

चार दिवस राहिले. टेंभूचं पाणी गाळून घ्यायचं,
मीठ किती, तरता काटा कुठं थांबला पाहिजे,
सगळं कॅलेंडरच्या पाठीवर लिहून
परत गेले. दुकान आहे, जावं लागतं.
आमच्या गल्लीत बहुतेक नवरे
भिंतीवर दहा आकड्यांत असतात.

शेवंताकाकू बघायला आल्या.
एवढं महागाचं मीठ? माझ्या बरणीतलं घाल की मूठभर.
मी म्हटलं, काकू, हे वेगळं असतं.
त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली.
खारटच हाय की गं.

श्रावणात नर खायचा थांबला.
हनुवटी सुजली, गालगुंड झाल्यासारखी.
फोनवर सांगितलं, आजारी पडलाय.
हे हसले. पोरं आहेत त्याच्या तोंडात.
मादी अंडी देऊन मोकळी,
समोरून फिरायची, दाणे टिपायची.
तिच्याकडं मी जरा जास्तच वेळ बघत बसले.
मुक्ता झाली तेव्हा हे चौथ्या दिवशी आले.
पेढे आधी आले होते, कुणाच्या तरी हाती.

अठ्ठावीस दिवस.
रोज मी दाणा टाकायची, तो बघायचा,
तोंड उघडायचा नाही.
एखाद्या वेळी जांभईइतकी फट पडे
आणि आतून डोळे. नुसते डोळे, दाटीवाटीनं.

पोरं सोडली तेव्हा तेवीस मोजली,
एवढ्या एवढ्या अंगाला आईबापाचेच काळे पट्टे.
लपायला समुद्रातले काटे लागतात त्यांना,
मी बाटल्या धुवायचा काळा ब्रश उभा केला.
त्यांना चालला.
खायला, कोल्ड्रिंकची बाटली उलटी टांगून
नाचणीच्या पिठासारखी अंडी खाऱ्या पाण्यात उकळवत ठेवायची,
म्हणजे हवेनं, विस्तवानं नव्हे.
दुसऱ्या दिवशी बॅटरी धरली की
उजेडाकडं केशरी धूळ धावत येते, जिवंत.

पाचव्या रात्री जाग आली, कारण माग थांबले होते.
विट्यात आवाजानं कुणी उठत नाही,
आवाज बंद झाला की उठतात.
इन्व्हर्टर दोन तासांत बसला. पंपाचे सेल संपलेले.
मोठी टाकी काढेल तग, पोरांची छोटी नाही.
मी हवेची नळी तोंडात धरली आणि फुंकायला लागले.
दहा मिनिटांत चक्कर.

आबा खोकत बाहेर आले.
बेचाळीस वर्षं सोनं फुंकलंय त्यांनी,
तेजाबाचा धूर अजून छातीत आहे.
माझी फुंक ऐकून म्हणाले, तुटतीया. आण इकडं.
गालात साठवायची. नाकानं घ्यायची.
घेताना गालातली सोडत ऱ्हायाची.
ज्योत हलता कामा न्हाई.
मेणबत्तीच्या उजेडात त्यांचे गाल फुगलेले,
पाण्यात बुडबुड्यांची एकच दोरी, कुठं गाठ नाही.
आम्ही आळीपाळीनं धरली. माझी गाठी-गाठींची.
फोन वाजत होता. ह्यांचाच.
कोण बोलणार?

पावणेपाचला माग सुरू झाले.
सात मिस्ड कॉल. लावला.
उचलत का नव्हतीस?
तोंडात होतं, म्हटलं.
काय होतं?
मी मोजत होते. एकवीस.
ब्रशच्या बुडाशी दोन, आडवी.
आबा खुर्चीत, नळी अजून हातात, डोळे मिटलेले.
झोपलेत वाटलं तर म्हणाले,
तेवीसात दोन. एवढी घट धरायचीच.
आणि मग पुन्हा, बऱ्याच वेळानं,
धरायचीच.